गेलेल्यांचा कप्पा

फोटोकाकू मेलेल्या माणसांचे डोळे उघडायच्या. यात मी पदरचं काही घालत नाही, तो त्यांचा धंदाच होता. आमच्या गेवराईत काय किंवा आजूबाजूच्या खेड्यांत काय, घरातलं माणूस गेलं की थोड्याच वेळात कुणीतरी मोटारसायकलवर स्टुडिओत येतं. हातात मिळेल तो फोटो असतो. लग्नातल्या घोळक्यातला, आधार कार्डावरचा, नाहीतर नातवानं मोबाइलवर काढलेला. त्यातून भिंतीवर लावायचा मोठा फोटो करायचा असतो, चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा असतो. निम्म्या फोटोंत डोळे मिटलेले किंवा अर्धवट असतात. काकू मग मुलाच्या नाहीतर भावाच्या फोटोतले डोळे घ्यायच्या, पापण्या जुळवायच्या, आणि पडद्यावरच्या माणसाला हळूच म्हणायच्या, "हं, बगा आता." आणि तो माणूस बघायला लागायचा. हे पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. माझ्या तर रोज यायचा.

मी शेजारीच होतो. आमचं फोटोफ्रेमचं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीत अब्बांनी आणि आप्पांनी मिळून पाडलेली एक खिडकी. तिकडून फोटो यायचा, इकडून काच, पट्टी आणि पुठ्ठा लावून परत जायचा. आप्पा म्हणजे काकूंचे यजमान. स्टुडिओच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं, काकूंचं नाव गावात फारसं कुणाला माहीत नव्हतं. आप्पांच्या मागं त्यांनी स्टुडिओ चालवला, असं कुणी बोलून गेलं तर त्या लगेच टोकायच्या. "मागं म्हनू नको. ते भायेर गेलेत."

आप्पा बाहेर गेले ते असे. एका लग्नाच्या शूटिंगला ते वऱ्हाडाच्या जीपमधून निघाले होते. जीप मांजरसुंब्याला एका ढाब्यावर थांबली. आप्पांनी कॅमेऱ्याची बॅग बाजेवर ठेवली, चहा सांगितला आणि "आलोच" म्हणून ढाब्याच्या मागं गेले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली, पण आप्पा आले नाहीत. जीपमधली माणसं नंतर सगळ्यांना एकच गोष्ट सांगत. मागं नुसतं कापलेलं रान होतं, पार डोंगरापर्यंत मोकळं दिसत होतं, आणि त्यात आडोशाला एक बाभूळसुद्धा नव्हती. पोलीस झाले, दवाखाने झाले, बघणारे-सांगणारे झाले. परत आली ती फक्त बॅग. काकूंनी ती आतल्या फळीवर ठेवली आणि तिच्यातल्या बॅटऱ्या नियमानं चार्ज करायला सुरुवात केली. आल्या आल्या ऑर्डरीला निघायला लागलं तर खोळंबा नको, असं त्यांचं म्हणणं. कपाळाचं कुंकूही जागच्या जागी राहिलं.

काकूंचे धाकटे दीर मल्लूशेठ मोंढ्यात आडतीचं काम करतात. माणूस वाईट नाही, उलट हळवा आहे. दर श्रावणात ते स्टुडिओत यायचे, स्टुलावर बसायचे आणि तोच विषय काढायचे. वर्षं उलटली, कायद्यानंसुद्धा आता माणूस गेला असंच धरतात, लिंगायत मठातल्या स्वामींनाही विचारलं आहे. एकदा माझ्यासमोरच त्यांनी हात जोडले होते. "वैनी, एक फोटो लावू द्या. भावाला हार घालायला मला जागा न्हाई." काकूंनी त्यांना चहा दिला, आणि जिवंत माणसाला हार फक्त लग्नात नाहीतर निवडणुकीत घालतात, एवढंच सांगितलं. मल्लूशेठ हसता हसता रडले. ते दोघंही एकाच माणसासाठी झुरत होते, फक्त एकाला ते संपवायचं होतं आणि एकीला नाही.

आता मशीनविषयी, म्हणजे काकूंच्या कॉम्प्युटरविषयी सांगतो, कारण त्याशिवाय काकू समजायच्या नाहीत. मी काही वर्षं संभाजीनगरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम केलं होतं. अब्बांची नजर कमी झाली म्हणून परत येऊन फ्रेमा करायला बसलो, पण काकूंचं मशीन माझ्याच गळ्यात पडलं. ते आप्पांच्या वेळचं होतं. आत एकच मोठी, फिरणारी जुनी डिस्क, आणि तिचे पाडलेले चार कप्पे. लग्न, पासपोर्ट, गेलेले आणि घर, अशी त्यांची नावं. काही उघडायला गेलं की डिस्क जात्यात खडा आल्यासारखी कुरकुरायची आणि फोटो वरून खाली पट्टी पट्टीनं उतरायचा. तो पुरा उतरेपर्यंत गिऱ्हाइकाला सगळ्या गावाची खबरबात विचारून व्हायची.

म्हणून मी तिला एक लहानशी, न फिरणारी वेगवान डिस्क जोडून दिली. ही लहानी मोठीच्या पुढं बसते. जो फोटो ठेवला किंवा मागितला त्याची एक प्रत ती आपल्याजवळ राखते, आणि पुढच्या वेळी मोठीला न उठवता स्वतःच देते. ना कुरकुर, ना पट्ट्या. पण तिच्यात जागा थोडी, सगळ्यांची चाकरी तिला झेपत नाही. म्हणून मशीन सुरू होतानाच तिला सांगावं लागतं की कुठल्या कप्प्याचं काम करायचं. त्यासाठी एक चार ओळींची फाइल असते. तिच्यात ज्या कप्प्याचं नाव, त्यालाच हा जलद रस्ता. बाकीच्यांनी जुन्या डिस्कची कुरकुर ऐकत थांबायचं. मी त्या फाइलीत अर्थातच 'लग्न' लिहिलं, कारण स्टुडिओ चालायचा तो लग्नांवर.

दोनेक आठवड्यांनी चकलांब्याहून एक माणूस आला. त्याची आई गेली होती. आईचा फोटो आधीच्या एका पूजेच्या वेळी काकूंनीच काढलेला होता, तो त्यांनी उघडला. आधी पदर उतरला, मग कपाळ, मग कुंकू, आणि डोळ्यांच्या वर येऊन फोटो थांबला. डिस्क कुरकुरत राहिली. तो माणूस टोपी हातात धरून पडद्यासमोर वाकून उभा होता. आईनं आता बघावं म्हणून तो थांबला आहे, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी डोळे आले तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तो गेल्यावर काकूंनी मला खिडकीतून बोलावलं. "लग्नाची मानसं चा पीत बसत्यात, रशीद. गेलेल्याच्या मानसाला असं उबं करू न्हाई."

मी म्हटलं, दोन्ही नावं लिहू. लिहिलीही. पण लग्नाचा एक व्हिडिओ आत शिरला की लहान डिस्क भरून जायची आणि गेलेली सगळी माणसं परत जुन्या डिस्कवर ढकलली जायची. काकूंना ते लगेच समजलं. वरात शिरल्यावर दुसऱ्याला जागा कुठली, म्हणाल्या आणि 'लग्न' त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं. पुढं लग्नसराईत मी दर वर्षी भुणभुण लावायचो की दोन महिने तरी बदला, नवरदेवाकडचे लोक वैतागतात. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. उलट रोज सकाळी मशीन सुरू झालं की ती चार ओळींची फाइल उघडून एकदा बघायच्या, दाराची कडी नीट लागली आहे का बघावं तसं. एकच नाव होतं तिथं, आणि ते बदललं नाही.

इथून पुढचं मला नीट लिहिता येत नाही, पण प्रयत्न करतो. स्टुडिओत आता दोन प्रकारचे फोटो झाले. नवरा-नवरी कुरकुरत यायचे, पासपोर्टवाले कुरकुरत यायचे. गेलेली माणसं मात्र बोट उचलायच्या आत, काही आवाज न करता, पूर्ण चेहऱ्यानिशी समोर उभी राहायची. याचं कारण मला माहीत होतं, ते मीच घडवलेलं होतं. तरीही ते बघताना मला खुर्ची मागं सरकवावीशी वाटायची. काकूंना त्यात वावगं वाटत नव्हतं. "ती वाटच बगत असत्यात," त्या म्हणायच्या. काम झालं की फोटो आधी बंद करून मगच मशीन बंद करायच्या. कुणाला पडद्यावर ठेवून दिवा मालवायचा नाही, हा त्यांचा नियम. कुणी न नेलेली फ्रेमसुद्धा त्या भिंतीकडं तोंड करून ठेवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं दिवसभर बघून दमतात, असं त्यांचं मत होतं.

याच दिवसांत त्यांना ती सकाळची सवय लागली. 'घर' या कप्प्यात त्या दोघांचा एक फोटो होता. आप्पांनी टायमर लावून काढलेला. काकू पायरीवर बसल्या आहेत, अगदी स्थिर, आणि आप्पा कॅमेऱ्याकडून पळत येऊन शेजारी टेकतायत तेवढ्यात फोटो निघाला आहे. त्यामुळे त्यांचा खांदा आणि अर्धा चेहरा हललेला. काकूंचा स्वतःचा म्हणावा असा फोटो हा एवढाच. गावभराचे फोटो काढणाऱ्या घरात बाईला कोण कॅमेऱ्यासमोर बसवणार? तर रोज मशीन सुरू झालं की त्या हा फोटो उघडायच्या. डिस्क कुरकुरायची, आप्पा पट्टी पट्टीनं उतरायचे, आणि काकू एकच शब्द बोलायच्या. "हाय." मग फोटो बंद करून कामाला लागायच्या.

तो फोटो दिवसातून एकदाच उघडायचा. कारण मीच त्यांना एकदा सांगून बसलो होतो की तोच फोटो त्याच दिवशी पुन्हा उघडला तर मशीनला तो आठवत असतो, डिस्ककडं जावं लागत नाही, म्हणून आवाज होत नाही. काकूंनी ते पक्कं धरलं. दुसऱ्यांदा उघडून काही कळत नाही, ही त्यांची समजूत, आणि तशी ती बरोबरही होती. मी त्यांना चिडवायचो. आवाज येतो कारण 'घर' फाइलीत नाही, उद्या नाव घाला, परवा आवाज बंद. "म्हनूनच घालत न्हाई," त्या म्हणाल्या. त्यानंतर मी चिडवणं सोडलं, पण सकाळी पट्ट्या कापताना माझाही कान भिंतीकडं लागायला लागला. पलीकडून कुरकुर आली की मीही करवत चालू करायचो.

उमापूरचे एक पेन्शनर आजोबा होते. एकदा ते नवी टोपी घालून आले आणि स्वतःचा फोटो आधीच करून ठेवा म्हणाले, नाहीतर पोरं मोबाइलमधला कसला तरी लावतील. काकूंनी झकास फोटो काढला. आजोबांनी विचारलं, गेलेल्यांत ठेवला ना? काकूंनी त्यांना समजावलं की तुम्ही जिते आहात, तुमचा कप्पा दुसरा, आणि तो 'पासपोर्ट'मध्ये ठेवला. पुढं आजोबांनी निरोप पाठवला की पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे, त्याच फोटोच्या चार प्रती काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खिडकीत आल्या. हातात प्रती नव्हत्या. "उमापूरच्या आजोबाचा आवाज आला न्हाई," त्या म्हणाल्या.

मी गेलो. फाइल बघितली, तिच्यात एकच नाव होतं. वायरी बघितल्या. फोटो उघडून बघितला, पण आता तो दुसऱ्यांदा होता, त्यामुळे गप्पच आला. मी म्हटलं, यंत्र आहे, होतं कधी कधी. दुपार व्हायच्या आधी आजोबांचा नातू मोटारसायकलवरून उतरला आणि मोबाइलमधला फोटो पुढं करायला लागला. काकूंनी त्याचा मोबाइल हातात घेतलाच नाही. मोठा फोटो करून खिडकीत ठेवलेला होता. मी योगायोग म्हणालो, आजही तेच म्हणतो. अब्बांना सांगितलं तर त्यांनी हातातली काच खाली ठेवली आणि ही गोष्ट घरात बायकांसमोर काढायची नाही, एवढंच बजावलं.

आणि मग एका सकाळी मी करवत हातात घेऊन थांबलो, पण भिंतीपलीकडून काही आलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता, मशीनचा पंखा सुरू झाल्याचा आला होता. त्यानंतर काहीच नाही. मी उगीच खिडकीजवळची धूळ झटकत राहिलो. बऱ्याच वेळानं काकू खिडकीत आल्या. चेहरा रोजच्यासारखाच, कुंकू रोजच्यासारखं. "ह्यांची एक फ्रेम कर," त्या म्हणाल्या. "घाई न्हाई."

मी पलीकडं जाऊन पुन्हा सगळं बघितलं. 'घर' फाइलीत नव्हतं. मी त्यांना कारणं सांगितली. रात्री वीज गेली असेल, मशीन नीट बंदच झालं नसेल, म्हणून त्याला फोटो आठवत असेल. उद्या बघू. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याशेजारी उभा राहिलो. मशीन सुरू झालं, फोटो उघडला. आप्पा आणि काकू एकदम समोर आले, आवाज न करता, गेलेल्यांसारखे. मी पुन्हा काहीतरी बोलायला लागलो तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुजं बरोबर आसल. पर फ्रेम कर. फ्रेम लागली की कुंकू पुसते."

आता सांगा, असली फ्रेम कोण करणार? मी पट्टी संपली म्हणालो. मग काच संपली म्हणालो. शेवटी खरंच कापायला घेतली तर ती सरळ रेघ सोडून आडवी तडकली. काच तडकते, त्यात काही नाही, महिन्याला चार तडकतात. पण दुसरी मी घेतली नाही. इकडं मल्लूशेठना काकूंनी स्वतः बोलावून सगळं सांगितलं, सकाळच्या आवाजाचं आणि तो थांबल्याचं. ते स्टुलावर बसून खूप रडले आणि रडून झाल्यावर मोकळे दिसले. स्वामींना विचारून पूजेचा सोमवारही ठरवला. एकच गोष्ट अडली होती. जोडीच्या फोटोतून आप्पांना वेगळं काढायचं होतं आणि ते काकूंच्यानं होईना. सगळ्या तालुक्याचे डोळे उघडणारी बाई पडद्यावर दोघांच्या मधोमध रेघ ओढायची आणि पुसायची. शेवटी ते काम त्यांनी माझ्यावर टाकलं. सोमवारच्या आत करतो, असं मी म्हटलं.

सोमवार उजाडायचा होता. त्याआधीच एका सकाळी भिंतीपलीकडून पंख्याचा आवाज आला आणि पुढं काहीच नाही. मला वाटलं, आताशा असंच असतं. पण पंखा नुसता फिरत राहिला, तेव्हा मी खिडकीतून डोकावलो. काकू खुर्चीत बसल्या होत्या, पडद्याकडं तोंड करून. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट लुकलुकत होती. काकूंचे डोळे उघडे होते. मी हाक मारली, मग धावत पलीकडं गेलो, मग शेजारच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी मान हलवली. ते डोळे मीच मिटले. त्या हाताला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तासाभरात गल्ली जमली. आणि मग बायकांत कुजबुज सुरू झाली. सवाष्ण गेली म्हणायची की नाही? हिरवं लुगडं नेसवायचं, ओटी भरायची, हिरवा चुडा घालायचा, की पांढरं आणायचं? कुंकू तर कपाळावर होतं. स्वामी यायच्या आत ठरायला हवं होतं. मल्लूशेठ माझ्याकडं आले, कारण फोटोही लागणार होता आणि फ्लेक्सही. त्यांचे डोळे सुजले होते. फोटोखाली काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं. "नावाआदी श्रीमती टाक. दादा गेला, हे वैनीच बोलल्या की."

यात चूक काहीच नव्हती. काकू तसंच बोलल्या होत्या. मी मशीनसमोर बसलो. खुर्ची अजून उबदार आहे असं मला वाटलं, पण ते तसं नसणार. जोडीचा फोटो उघडला. आवाज नाही. दोघं समोर आले. काकू स्थिर, आप्पा अजून पोचतायत. आणि तेव्हा माझ्या मनात आलं ते इतकं साधं होतं की इतके दिवस ते कुणालाच कसं सुचलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. फोटोत दोन माणसं होती. आवाज बंद झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकाकडंच बघितलं. काकूंनी तर स्वतःकडं बघायची सवयच कधी ठेवली नव्हती.

मी दोघांच्या मधोमध रेघ ओढली. काकूंच्या बाजूचा अर्धा भाग 'गेलेले'मध्ये ठेवला. आप्पांचा अर्धा 'घर'मध्ये ठेवला. मग सगळं बंद करून मशीन पूर्ण विझवलं. मल्लूशेठ मागं उभे होते. उशीर होतोय, स्वामी निघालेत, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी मशीन सुरू केलं. आधी चार ओळींची फाइल उघडून बघितली. एकच नाव. मग आप्पांचा अर्धा फोटो उघडला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डिस्क कुरकुरली. इतके दिवस न ऐकलेली ती जुनी कुरकुर, खडबडीत, लांबलचक. आप्पा पट्टी पट्टीनं उतरायला लागले. केस, कपाळ, हललेला चेहरा, हललेला खांदा.

"बिगडलं का काय?" मल्लूशेठनी विचारलं.

"न्हाई शेठ," मी म्हटलं. "हाय."

'घर' हा कप्पा जलद रस्त्यावर नव्हता, फोटो नुकताच जुन्या डिस्कवर ठेवलेला होता, मशीन विझवून लावलेलं होतं. आवाज यायलाच हवा होता. हे मला त्या क्षणीही माहीत होतं, आणि पुन्हा कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. मल्लूशेठ मात्र स्टुलावर बसले. काकूंनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं, त्यामुळे समजावायची गरज नव्हती. ते पडद्याकडं बघत राहिले, भाऊ पूर्ण उतरेपर्यंत. पुन्हा एकदा लाव, असं म्हणाले. मी सांगितलं की दुसऱ्यांदा लावून कळत नाही.

मग मी काकूंचा फोटो उघडला. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत आला. डोळे उघडे, सरळ माझ्याकडं. त्यांत काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं. मी खाली लिहिलं, 'लिंगैक्य सौ.', आणि पुढं त्यांचं नाव, जे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मल्लूशेठनी ते वाचलं. मग उठून दारात गेले आणि बाहेर थांबलेल्या बायकांना म्हणाले, "हिरवं नेसवा."

आता स्टुडिओ मीच बघतो. मल्लूशेठनी तो दुसऱ्या कुणाला द्यायला नको म्हणून माझ्याकडं सोपवला. खिडकीचं दार केलं आहे. पाटीवर अजून आप्पांचंच नाव आहे. मशीन नवं घ्या, असं सगळे म्हणतात, आणि ते घ्यायला हवं हे मलाही कळतं. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मी चार्ज करतो. लग्नाची माणसं चहा पीत थांबतात. चार ओळींच्या फाइलीत अजून एकच नाव आहे, आणि गेलेल्यांच्या माणसांना मी उभं करत नाही. डोळे उघडायचं काम मला काकूंसारखं जमत नाही. मी आपला तेवढं म्हणतो, बघा आता.

सकाळी मशीन सुरू झालं की आप्पांचा अर्धा फोटो एकदा उघडतो. मल्लूशेठ मोंढ्यात जाता जाता बरोबर त्याच वेळेला चहाचं निमित्त काढून येतात आणि स्टुलावर बसतात. आज सकाळी आवाज जरा उशिरा आला. मल्लूशेठनी माझ्याकडं बघितलं, मी हातातला चहा खाली ठेवला. मग आला.